रविवारची प्रत

मिरजेच्या ‘अनुबंध’ स्मृतिकेंद्रात तळमजल्याला एक थंडगार खोली आहे. तिच्यात बेचाळीस माणसांच्या आठवणी चालतात आणि त्यांची राखण मी करतो. माझं नाव भरतेश आरवाडे. हुद्दा सर्व्हर-व्यवस्थापक, वय बावन्न, स्वभाव हेकट. हेकट हा शब्द माझा नाही, माझ्या बायकोचा आहे. त्रिशला तिचं नाव. गेली पाच वर्षं ती माझ्याबरोबर राहत नाही.

तरी दर रविवारी दुपारी पावणेचारला ती केंद्रात यायची. तिला यावंच लागायचं, कारण नियम मी केला होता.

हा नियम काय, ते सांगायचं तर थोडं मेंदूबद्दल बोलावं लागेल. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एकेक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. दिवसभरात जे घडतं ते आधी त्याच्या हातून जातं. कुठला चेहरा कुठल्या आवाजाला जोडायचा, कुठलं बोलणं कुठल्या दिवसाला, हे काम त्याचं. जोडलेलं मग सावकाश, वर्ष-दोन वर्षांत, मेंदूत इतरत्र मुरतं. हा भाग गेला की जुनं मुरलेलं शाबूत राहतं आणि नवं काही टिकत नाही. माणूस तेवढाच हुशार, तेवढाच बोलका, पण दहा मिनिटांपूर्वीचं त्याला ठाऊक नसतं.

त्रिशलाला सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मेंदूज्वर झाला. ताप नऊ दिवसांनी उतरला तेव्हा दोन्ही हिप्पोकॅम्पस गेलेले होते. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. जगातल्या सगळ्या नद्या तिला तोंडपाठ राहिल्या, पण सकाळी चहा घेतला की नाही ते सांगता येईना. असे चौदा महिने गेले. मग ‘अनुबंध’ची सोय आली. केसाहून बारीक तारा मेंदूत बसवायच्या, आत येणारे संकेत त्यांनी उचलायचे, कानामागच्या बटणाएवढ्या यंत्राने ते मोबाइलच्या जाळ्यावरून आमच्या सर्व्हरला पाठवायचे, आणि हिप्पोकॅम्पसने जी जोडणी केली असती ती सर्व्हरने करून पापणी लवायच्या आत परत पाठवायची. मुरण्याची वाटच जळालेली असल्यामुळे आठवणी राहतात त्या सर्व्हरवरच. वाचायला गेलं तर त्या नुसत्या आकड्यांच्या रांगा आहेत. त्यांचा अर्थ फक्त ज्याच्या त्याच्या डोक्यात लागतो.

सर्व्हर एकच, लिनक्सवर चालणारा, गोदरेजच्या कपाटाएवढा. पण त्याच्या पोटात बेचाळीस आभासी संगणक आहेत, आणि प्रत्येकाला आपण स्वतंत्र आहोत असंच वाटतं. स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी, शेजाऱ्याशी संबंध नाही. एका माणसाला एक यंत्र. त्रिशलाचा नंबर सतरा. तिला यंत्र बसवलं त्याच महिन्यात मी साखर कारखान्यातली नोकरी सोडून इथे लागलो.

यंत्र म्हटलं की ते बिघडणार, म्हणजे त्याची प्रत काढून ठेवायला हवी. आता चालू यंत्राची प्रत काढणं हे चालत्या माणसाच्या अंगाचं माप घेण्यासारखं आहे. अर्ध्या गोष्टी डिस्कवर लिहून झालेल्या असतात, अर्ध्या अजून मेमरीत तरंगत असतात. पहिल्या वर्षी आम्ही चाचणीत अशी चालू प्रत काढली, ती दुसरीकडे उभी केली, तर त्यात एका गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाचे धागे त्यांच्या भावाच्या अंत्ययात्रेला जोडले गेलेले निघाले. खऱ्या डोक्यात हे गेलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. मी ठरवलं, यंत्र बंद करायचं, अख्खी प्रत काढायची, पुन्हा सुरू करायचं. आठवड्यातून एकदा, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. कुणाचा मंगळवार, कुणाचा शुक्रवार. त्रिशलाला मी रविवार दिला, चार ते चार चाळीस.

त्या चाळीस मिनिटांत माणूस आजाराच्या आधी जाऊन पडतो. म्हणून दुसरा नियम असा, की आजाराच्या आधीपासून ओळखीचा असलेला कुणीतरी जवळ बसला पाहिजे. वरच्या मजल्यावर त्यासाठी एक साधी खोली ठेवली आहे. तिच्यात आरसा नाही, कॅलेंडर नाही, कॅमेरा नाही. त्रिशलाची धाकटी बहीण धारवाडला असते, वडील हयात नाहीत. उरलो मी.

आमचं का बिनसलं, तेही सांगतो. त्रिशला विसरभोळी झाल्यावर पाचव्या महिन्यात समडोळीला तिचे वडील वारले. मगदूम गुरुजी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी तिला ते सांगितलं. तिने हंबरडा फोडला, दहा मिनिटांनी विसरली आणि म्हणाली, “अण्णांना फोन केलास का रे?” पुन्हा सांगितलं, पुन्हा हंबरडा. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर माझ्याच्याने होईना. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, केला, बरे आहेत. अंत्यविधीला तिला नेलं नाही.

इथपर्यंत मला कुणी दोष दिला नसता, तिनेही दिला नाही. पण मग यंत्र बसलं, तिला सगळं लक्षात राहायला लागलं, आणि तरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. अण्णांना ऐकायला येत नाही, अण्णा तीर्थयात्रेला गेलेत. हे भिजत घोंगडं मी आठ महिने ठेवलं. शेवटी ती एकटीच एसटीने समडोळीला गेली आणि शेजारणीने तिला सांगितलं. परत आली ती बॅग भरायलाच. “मेलेल्या माणसासाठी मी आठ महिने लोकरीचा स्वेटर विणत होते,” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती मला तू म्हणत नाही. कॉलेजपासूनची सवय होती.

आता ती एका तंतुवाद्यांच्या कारखान्यात तंबोऱ्यांची जवारी काढायला शिकली आहे. खुंट्या, तारा, हस्तिदंती रंगाची घोडी, तिच्यावर कानस फिरवून आवाज मोकळा करायचा, हे सगळं ती पन्नाशीच्या तोंडावर शिकली. भाड्याची एक खोली घेऊन राहते.

रविवारी यायची, समोरच्या खुर्चीत बसायची, पर्स मांडीवर.

“चार वाजले का?”

“तीन मिनिटं आहेत.”

“बरं.”

आमचं आठवड्याचं बोलणं एवढंच. मग चार वाजत, खाली सतरा नंबर बंद होई, आणि त्रिशला एकदम मान वर करून माझ्याकडे बघे.

“असा काय बघायलास भरत? आणि दमलायस किती! कुठे आलोय आपण?”

“तपासणीला. डॉक्टर येतीलच.”

“अण्णांना फोन केलास का? पुढच्या रविवारी हुरड्याला येतो म्हणून सांग की त्यांना. मागच्या वेळी गेलो नाही तर किती रुसले होते.”

“केला.”

“काय म्हणाले?”

“या म्हणाले.”

मग ती खुर्ची माझ्याजवळ ओढून घेई. शाळेतल्या बायांच्या नकला करी, माझ्या शर्टाच्या कॉलरवरून मला बोले. कधी स्वतःच्या बोटांवरचे घट्टे बघून म्हणे, “हे काय रे झालंय बोटांना?” मी म्हणे, बागेत माती उकरलीस ना. हाताची सवय मेंदूत वेगळीकडे साठते, तिला हिप्पोकॅम्पस लागत नाही. म्हणून बोलता बोलता तिची बोटं खुर्चीच्या कडेवर कानस चालवत असायची आणि तिला त्याचा पत्ता नसायचा. दहा मिनिटांनी पुन्हा, “अण्णांना फोन केलास का?” चाळीस मिनिटांत तीनदा, चारदा. मी प्रत्येक वेळी म्हणे, केला. चार चाळीसला तिचा हात माझ्या हातातून निघे, खुर्ची मागे सरके आणि ती पर्स उचलून निघून जाई. मी जिन्यात जाऊन बसत असे.

मला त्या चाळीस मिनिटांची किती ओढ होती ते काय सांगू. सोमवार ते शनिवार मी त्यांच्यासाठीच जगत होतो.

आणि आता कबूल करायचं ते करतो. चालू यंत्राची नीट प्रत काढायची युक्ती चार वर्षांपूर्वीच निघाली होती. प्रत्येक आभासी यंत्राच्या आत एक छोटा प्रोग्राम बसवायचा. त्याला बाहेरून निरोप द्यायचा, हातातलं सगळं लिहून टाक आणि क्षणभर थांब. तेवढ्यात डिस्क होती तशी गोठवायची आणि त्याला मोकळं करायचं. नवे बदल बाजूला लिहिले जातात, गोठवलेल्याची प्रत मागाहून सावकाश काढता येते. थांबणं पावणेदोन सेकंदांचं. माणसाला शिंक आल्याइतकंही जाणवत नाही. मी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर लग्न आणि अंत्ययात्रेची गोष्ट ऐकवायचो. बेचाळीस माणसं दर आठवड्याला चाळीस मिनिटं आपलं आयुष्य विसरत राहिली, कारण मला रविवार हवा होता.

गेल्या जूनमध्ये शिरीन बागवान आमच्या तांत्रिक प्रमुख म्हणून आल्या. कोल्हापूरच्या, चाळिशीच्या आतबाहेर, आवाज शांत. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या.

“आरवाडे सर, यंत्रं बंद करून प्रत काढायचं कारण काय?”

मी लग्न आणि अंत्ययात्रा सांगितली.

“ते चार वर्षांपूर्वी सुटलं की.”

“माणसाच्या डोक्याचा प्रश्न आहे मॅडम. शंभर टक्के खात्री पाहिजे.”

“पाहिजेच. मग तुमच्या प्रतींची खात्री कशी करता? कधी एखादी परत उभी करून बघितलीय?”

“प्रत निघाल्याची नोंद येते.”

“नोंद येते हो. उघडून बघितलीय का?”

नव्हती बघितली. बँकेच्या लॉकरमध्ये डबा ठेवायचा आणि आत दागिने आहेत का ते कधी बघायचंच नाही, असा तो प्रकार होता. आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

दोन दिवस आम्ही कुणाच्याही डोक्याला न जोडलेल्या एका सुट्या सर्व्हरवर एकेक प्रत उभी केली. प्रत्येकीला दहा हजार संकेत पाठवायचे आणि मूळ यंत्राने जी उत्तरं दिली होती तीच येतात का ते बघायचं. शेजारी नव्या पद्धतीच्या चालू प्रतीही तपासल्या. त्या बेचाळीसच्या बेचाळीस पास झाल्या. माझ्या जुन्या पद्धतीच्या एक्केचाळीस पास झाल्या.

सतरा नंबर उघडेना. शिरीनबाईंनी त्याच्या आधीच्या रविवारची प्रत बाहेर काढली, ती उघडेना. त्याच्या मागची नाही, त्याच्याही मागची नाही. सलग पाच रविवार. प्रती ठेवायच्या डिस्कचा एक कोपरा खराब झाला होता. चार बावीसला काम अर्धवट तुटत होतं, ठरलेल्या वेळी यंत्र मुकाट पुन्हा सुरू होत होतं, आणि चुकीची नोंद नीट लिहून ठेवलेली होती. ती वाचायला खाली कुणी नव्हतं. रविवारी चार बावीसला मी वरच्या खोलीत असायचो, आणि सोमवारी ‘सर्व यंत्रे चालू’ एवढी ओळ बघून चहाला जायचो. त्या पाच आठवड्यांत सर्व्हरला काही झालं असतं तर त्रिशलाचे पाच आठवडे कायमचे गेले असते. बेचाळीस जणांत जिला जपण्यासाठी मी इथे आलो तीच उघड्यावर होती.

शिरीनबाईंनी यादीत नाव बघितलं.

“त्रिशला आरवाडे. तुमच्या कोण?”

“बायको.”

“रविवारी सोबतीला तुम्हीच बसता.”

“हो.”

“म्हणून?”

मला लांबलचक उत्तरं येत होती. सुसंगतता, जोखीम, चाचण्यांचा अभाव. सगळी तोंडाशी येऊन परत गेली.

“म्हणून,” मी म्हणालो.

त्या पडद्याकडे वळल्या. मग त्यांनी सतरा नंबरची चालू प्रत तिथल्या तिथे काढली, उभी करून तपासली, आणि पास झाल्यावरच खुर्चीला पाठ टेकली.

“बदल करायच्या आधी सगळ्यांना कळवून त्यांची सही घ्यायची आहे. बाकीच्यांना पत्र पाठवते. यांना तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या मिसेस आहेत म्हणून नव्हे, पेशंट आहेत म्हणून. आणि सगळं सांगा. नाहीतर मी सांगेन.”

बुधवारी दुपारी मी कारखान्यात गेलो. दाराशीच मालक हमीदभाई भोपळ्याला भेग गेली आहे का ते ठोकून बघत बसले होते. “या की साहेब, आत हायत बाई,” म्हणाले आणि स्वतः चहा सांगायच्या निमित्ताने उठून गेले. समजूतदार माणूस.

त्रिशला खाली चटईवर बसली होती, पुढ्यात तंबोरा आडवा. मी समोरच्या पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. युक्ती, चार वर्षं, तुटलेल्या पाच प्रती. ती कानस फिरवत होती, मध्येच तार छेडून ऐकत होती. मी थांबल्यावर तिने कानस खाली ठेवली.

“त्या चाळीस मिनिटांत मी काय बोलते?”

“शाळेतल्या गोष्टी सांगतेस. माझ्या कॉलरवरून बोलतेस.”

“तुम्हाला काय म्हणते?”

“भरत म्हणतेस.”

तिने मान हलवली. “अण्णांचं विचारते?”

“हो.”

“आणि तुम्ही काय सांगता?”

मी भोपळ्याकडे बघत राहिलो. तिला उत्तर कळलं.

“अजून?” ती म्हणाली. “अजून तेच सांगता?”

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तिने तार पिळली, सोडली, पुन्हा पिळली.

“एक सांगू? दर रविवारी तिथून बाहेर पडताना मला बरं वाटायचं. का ते कळायचं नाही. तुम्ही समोर असायचा, माझं डोकं तुमच्यावर तापलेलं असायचं, आणि तरी रात्रीपर्यंत मन निवांत असायचं. मला स्वतःचाच राग यायचा.”

हे मला माहीत नव्हतं, पण कळायला हवं होतं. घडलेलं विसरलं तरी त्याची भावना विसरली जात नाही. ती मेंदूत दुसरीकडून जाते आणि तास न् तास रेंगाळते. यावर शोधनिबंध आहेत, मी वाचलेलेही आहेत.

“आता बंद झालं ना हे सगळं?” तिने विचारलं.

“एक रविवार राहिला. पुढच्या प्रती फक्त बदलांच्या असणार, त्यांना पायाला एक पूर्ण प्रत लागते. ती बंद करून घ्यायची असं मॅडमनीच ठरवलंय. तू धारवाडहून शांतलाला बोलावून घे. मी येत नाही.”

“नको. तुम्हीच बसा.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “आणि मी अण्णांचं विचारलं की खरं सांगा. जितक्यांदा विचारीन तितक्यांदा.”

“त्रिशला, तुला ते राहणार नाही. नुसता त्रास होईल.”

“होऊ दे. माझे वडील गेले, आणि ते मला शेजारणीने सांगितलं. तुमच्या तोंडून मला एकदाही ऐकल्याचं आठवत नाही. त्या रविवारच्या बाईला तरी सांगा. ती तुमच्यावर विश्वास ठेवते ना?”

रविवारी ती वेळेवर आली. सही केली, खुर्चीत बसली. चार वाजले.

“असा काय बघायलास भरत? कुठे आलोय आपण?”

हा शेवटचा रविवार म्हणून मी ते ‘भरत’ मनात धरून ठेवलं. मला अजून थोडा वेळ हवा होता. तिने खुर्ची जवळ ओढली, हेडमिस्ट्रेसची नक्कल केली आणि मी हसलो. मग तिने विचारलं.

“अण्णांना फोन केलास का?”

“अण्णा गेले, त्रिशला,” मी म्हणालो. “वारले. सहा वर्षं होऊन गेली. तू आजारी होतीस.”

तिने हंबरडा फोडला, पहिल्यासारखाच. मी तिला धरून बसलो. थांबवायला काही सुचेना. रडणं ओसरलं, मग कशाबद्दल रडतेय ते ओसरलं, आणि ओल्या चेहऱ्याने ती भांबावून बघायला लागली. “मला काय होतंय रे? छाती भरून आलीय.” आणि लगेच, “अण्णा बरे आहेत ना?”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी ती ओरडली नाही. माझ्या दंडात तिची नखं रुतली.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने तोंड पुसलं. मग म्हणाली, “मला नेलं नाहीस?”

“नाही.”

“मग तू एकटाच होतास तिथे? कुणी होतं का तुझ्याजवळ?”

सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली. अण्णांनी मला मुलासारखं वागवलं होतं. त्यांच्या चितेपाशी मी उभा होतो आणि घरी येऊन हिच्यापुढे हसलो होतो. त्रिशलाने माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. मी रडलो. ती थोपटत राहिली, आणि थोपटता थोपटता का थोपटतेय ते विसरली, पण हात थांबला नाही.

भिंतीला घड्याळ नव्हतं, माझ्या मनगटावर होतं. चार अडतीस. ती शांत झाली होती, माझा हात तिच्या हातात होता.

“भरत, पुढच्या रविवारी समडोळीला जायचंय, लक्षात आहे ना? अण्णांना फोन केलास का?”

दीड मिनिट राहिलं होतं. केला म्हटलं असतं तर ती हसली असती, आणि हसतच सतरा नंबर सुरू झाला असता. कुणालाही कळलं नसतं. शेवटचं तिचं हसू मला हवं होतं, फार हवं होतं.

“नाही केला,” मी म्हणालो. “अण्णा गेले, त्रिशला.”

ती रडत असतानाच चार चाळीस झाले. तिच्या चेहऱ्यावर ते येताना मी बघितलं. मान थोडी ताठ झाली, डोळे माझ्या तोंडावर स्थिरावले आणि सर्व्हरवरची सहा वर्षं तिच्यात परत आली. रडणं मात्र चालूच राहिलं. तिने आपल्या हातातल्या माझ्या हाताकडे बघितलं.

“किती वेळा विचारलं मी?”

“चार.”

“चारही वेळा?”

“चारही वेळा. शेवटचं आत्ताच.”

आत कॅमेरा नाही हे तिलाही ठाऊक होतं. माझ्या शब्दाखेरीज तिच्यापाशी काही नव्हतं, आणि माझ्या शब्दाची तिच्या लेखी काय किंमत होती ते मला माहीत होतं. 

“बरं,” ती म्हणाली.

तिने हात काढून घेतला तो डोळे पुसायला. मग उठली, पर्स घेतली. दारापर्यंत जाऊन थांबली.

“हे रडू आता किती वेळ राहील?”

“रात्रीपर्यंत.”

“राहू दे,” म्हणाली. “तुम्हीही घरी जा. इथे जिन्यात बसू नका.”

मी जिन्यात बसतो हे तिला पाच वर्षं माहीत होतं.

नंतरच्या रविवारी ती आली नाही, यायचं कारणच उरलं नव्हतं. मी खाली सर्व्हरपुढे बसलो. इतकी वर्षं मी सात वर्षांपूर्वीच्या बाईसाठी झुरत होतो. आता मला ही हवी होती, घट्टे पडलेल्या बोटांची, मला पुरती ओळखणारी आणि तरी मला जिन्यातून घरी जा म्हणणारी. चारला सतरा नंबर पावणेदोन सेकंद थांबला आणि मागाहून त्याची प्रत निघाली. मी ती सुट्या सर्व्हरवर उभी केली, दहा हजार संकेत पाठवले, दहा हजार उत्तरं बरोबर आली. त्या वेळी ती कुठे होती, कुणाशी बोलत होती, माझी आठवण तिला झाली का, ते सगळं त्या आकड्यांत होतं, माझ्यासमोर, माझ्याच कुलपात, आणि त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं. प्रत चांगली निघाल्याची नोंद मी वहीत केली आणि घरी गेलो.